गाळात झोपवणारी मनुबाई

मनुबाईने आपल्या थोरल्या जावेला खाडीच्या गाळात जिवंत दाबली आणि तिचं पोर बळकावलं, असं बाळकुम गावात बोललं जायचं. मोठ्याने नाही हं. मोठ्याने बोलायची कोणाची छाती होती? भांडी घासताना, पापड लाटताना, मयताच्या घरी चहा यायला उशीर झाला तर, असं हळूच. बोलणारीने आधी डावीकडे बघायचं, मग उजवीकडे, मग पदर तोंडाशी धरून म्हणायचं, "आपल्याला काय करायचंय म्हणा." हे वाक्य आलं की समजावं, पुढचा अर्धा तास तेच करायचंय.

दोन घरं सोडून राहणारी शांताबाई तर ही गोष्ट अशी सांगायची की जणू कंदील धरून तीच तिथे उभी होती. वास्तविक एकोणसत्तर साली शांताबाई चार वर्षांची होती आणि कळव्याला बापाच्या ओटीवर नाक गाळत बसली होती. शिवाय जे झालं ते भर सकाळी झालं, तेव्हा कंदिलाचा संबंधच नव्हता. पण कंदिलाशिवाय खुनाला रंग चढत नाही, हे शांताबाईला पक्कं ठाऊक.

गावाला खरं ठाऊक होतं ते इतकंच. दामाजीची बायको मनुबाई तेव्हा एकोणीस वर्षांची. माहेर मलंगगडाच्या पायथ्याचं, भाताच्या मुलखातलं. ओढ्यापेक्षा मोठं पाणी तिने लग्नाआधी पाहिलेलं नव्हतं. थोरली जाऊ गंगुबाई तीन वर्षं आधी आलेली, तीही शहापूरकडची, शेतावरचीच. त्या सकाळी ओहोटीला दोघी चिंबोऱ्या धरायला खाडीवर गेल्या. चिंबोऱ्या म्हणजे खेकडे. परत आली ती एकटी मनुबाई, मांड्यांपर्यंत चिखलाने भरलेली. विहिरीवर तिने आपल्या हाताने पाणी शेंदलं, भर उन्हात लुगडं धुतलं, कोणी काही विचारलं तर तोंड उघडलं नाही. गंगुबाईला माणसांनी दुसऱ्या ओहोटीला काढून आणली. आणि त्या दिवसापासून गंगुबाईचा दीड वर्षांचा सहदेव मनुबाईच्या कडेवर जो चढला तो उतरलाच नाही. गंगुबाईचा नवरा, म्हणजे मनुबाईचा थोरला दीर, वर्षभरात भिवंडीला गेला, तिकडेच दुसरं लग्न करून राहिला, पोराला न्यायला कधी आला नाही. मनुबाईला स्वतःचं मूल झालं नाही. आता एवढा माल हातात असल्यावर गाव काय गप्प बसणार?

बरं, मनुबाईने तरी गप्प बसावं, डोकं खाली घालून जगावं. तिने काय केलं, तर कोळीवाड्यातल्या एका म्हातारीच्या मागे लागून गाळावर चालायची विद्या शिकून घेतली. चालायची म्हणजे न चालायची. खाडीच्या गाळात एक लांब फळी टाकायची, तिच्यावर एक गुडघा टेकायचा आणि दुसऱ्या पायाने गाळ मागे रेटत सुळकन पुढे सरकायचं. आणि कधी रुतलंच माणूस, तर उभं राहायचं नाही, अंग टाकून द्यायचं. उभ्या माणसाला गाळ गिळतो, आडव्याला गिळत नाही. एवढी साधी गोष्ट. पण बाळकुमात ती पुरुषांना ठाऊक होती आणि शेतावरून आणलेल्या सुनांना सांगायची कोणाला आठवण झाली नव्हती. सुनांनी बांधावर बसून हाताला लागतील तेवढ्या चिंबोऱ्या काढाव्यात, असा रिवाज होता.

मनुबाईने तो मोडला. आळीत नवी सून आली की हातावरची मेंदी उडायच्या आत ही तिला खाडीवर घेऊन जायची आणि गाळात पालथी झोपवायची. पोट, छाती, गाल, सगळं चिखलाला टेकवून. पोरगी रडायची, हिरव्या बांगड्यांमध्ये चिखल जायचा, आणि तासाभराने जी आळीत परत यायची तिला सासू म्हैस समजून हाकलायला उठायची. सासवा भांडायला यायच्या.

"आमची सून बारावी पास हाय, मनुबाय. ती कशाला जाते चिंबोऱ्यांना?"

"खाडी काय मार्कशीट बघून धरते?" मनुबाई म्हणायची, आणि पुढच्या वर्षी दुसरीला घेऊन जायची.

लोक घाबरून आपल्या सुना देत होते, हेही खरं. कारण मनुबाई दिसायला तशीच होती. उंच, काळीसावळी, गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं लुगडं, आणि हात असे की नारळ सोलायला कोयता लागू नये. बोलायची कमी. बघायची जास्त. आणि मग आळीत पुन्हा कुजबुज: जावेला झोपवली तशी एकेकीला झोपवून बघतेय बाई, गाळाला सवय लागलीय.

ह्या सगळ्यातलं अक्षरही ठाकुर्लीच्या समिधाला माहीत नव्हतं. समिधा म्हणजे सहदेवची मुलगी. सहदेव डोंबिवलीच्या एमआयडीसीत फिटर झाला, ठाकुर्लीला दोन खोल्या घेतल्या, जयाशी लग्न केलं आणि आपल्या आईला, म्हणजे मनुबाईला, दर रविवारी भेटायला जात राहिला. समिधा आजीवर जीव टाकायची. तांदळाची भाकरी आणि चिंबोरीचं कालवण, त्यात आजी नांगीचं कवच दाताने फोडून आतलं मांस अलगद हिच्या ताटात ठेवायची. आजीच्या अंगाला मिश्रीचा आणि खारट पाण्याचा वास यायचा. समिधाला तो वास शाळेच्या दप्तरात भरून न्यावासा वाटायचा.

दोन हजार आठच्या मे महिन्यात जयाचे दिवस भरत आले, म्हणून दहा वर्षांच्या समिधाला बाळकुमाला आणून सोडलं. पहिले चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवशी ती शांताबाईच्या ओट्यावर पापडाच्या लाट्या खायला जाऊन बसली.

शांताबाई लाटणं थांबवून तिच्याकडे बघत राहिली. "डोळे अगदी गंगुबायचे घेतलेस गो."

"कोण गंगुबाई?"

"कोन म्हंजे? तुझी आजी."

"माझ्या आजीचं नाव मनुबाई आहे."

"ती वाढवनारी. खरी आजी गंगुबाय." शांताबाईने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "जाऊ दे. आपल्याला काय करायचंय म्हना."

आणि मग अर्धा तास तिने तेच केलं. तिखटमीठ लावलं, कंदील लावला. गंगुबाई कशी गोरी होती, सहदेव कसा लोण्यासारखा होता, मनुबाईची कूस कशी उजवत नव्हती. शेवटी तिने आपलाच हात आपल्या मानेवर ठेवून दाखवला. "अशी मान धरली. म्हनाली, झोप. गाळात तोंड घाल आन् झोप. ती बिचारी झोपली."

समिधाच्या हातातली लाटी तशीच राहिली.

"तू काय मनाला लावून घेऊ नको हां," शांताबाई म्हणाली आणि पुढचा पापड लाटायला घेतला.

त्या दिवसापासून पोरीची पाचावर धारण बसली. तेच घर, तीच आजी. पण आता समिधा फक्त तिचे हात बघत होती. आजी नांगी फोडायची, कटकन आवाज व्हायचा, आणि समिधाची मान आपोआप खांद्यात जायची. आजीने केसांना तेल लावायला बोलावलं तर ही म्हणाली, डोकं दुखतंय. आजी म्हणाली, मग तर लावायलाच पायजे. त्या दोन हातांमध्ये डोकं देऊन बसलेली पोर दहा मिनिटं श्वास घ्यायला विसरली होती.

दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानातून बापाला फोन करायला गेली.

"पप्पा, मला घ्यायला या."

"का गं? काय झालं?"

वाणी गुळाची ढेप बाजूला ठेवून कान देऊन उभा होता. शेजारी आळीतल्या दोघी जणी उगाच मसूर निवडत होत्या. समिधाने तिघांकडे पाहिलं.

"आजी रोज खेकडेच खायला घालते."

सहदेव फोनवर हसत सुटला. "मग मलाच पाठव तिकडे. अगं, आठ दिवस काढ. बाळ झालं की येतोच."

आठ दिवस. समिधाने बोटांवर मोजून पाहिलं.

पंचमीला सकाळी मनुबाईने चूल विझवली, कोपऱ्यातली फळी काढली आणि म्हणाली, "चल. दहा वर्षांची झालीस. आज तुना शिकवते."

"काय?"

"गाळात झोपायला."

"मला नाय यायचं, आजी. प्लीज."

"एक दिवस खाडीकाठी राहिलेल्या मानसाला ते यायला पायजे. तुझा बाप नको नको करतो. त्याला सांगू नको म्हंजे झालं."

बापाला सांगू नको. हे ऐकल्यावर पोरीने काय समजावं? ओरडावं तर कोणापुढे? ओट्यावर शांताबाई उभी होती, पण दोघींना फळी घेऊन जाताना बघून तिने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. गोष्ट सांगायला पुढे असणारी माणसं गोष्ट घडायच्या वेळी नेमकी आत जातात.

मनुबाईचा हिशेब चोख होता. पंचमी म्हणजे पाच, आणि पाचाची पाऊणपट पावणेचार. मुंबईच्या समुद्रात तेव्हा भरती पुरी, आणि ते पाणी बाळकुमापर्यंत चढायला आणखी तास-सव्वा तास. म्हणजे संध्याकाळी पाचला खाडी भरणार आणि सकाळी साडेदहा-अकराला तळ दाखवणार. नऊला निघायचं, अकराच्या आत बांधावर परत यायचं. हे गणित तिने कधी कागदावर केलं नव्हतं आणि चाळीस वर्षांत चुकलं नव्हतं.

"तू पुढे चाल," ती समिधाला म्हणाली.

समिधा पुढे चालली. पाठीत आजीची नजर टोचत होती. आळी संपली, बिल्डरने ठोकलेले निळे पत्रे लागले. पत्र्यांमागे सत्तावीस मजल्यांचे खांब उभे राहत होते आणि वॉचमन खुर्चीत पेंगत होता. पत्र्यांच्या फटीतून पलीकडे गेलं की जुन्या खाजणाचा, म्हणजे खाऱ्या जमिनीचा बांध, बांधाच्या कडेने तिवरांच्या झाडांची गर्दी, आणि तिवरं संपली की गाळ. राखाडी, तुळतुळीत, डोळा जाईल तिथवर. त्यावर कुठे कुठे उन्हाने पापुद्रा धरलेला. माणूस नाही, कुत्रं नाही. गाळात असंख्य भोकं होती आणि त्यांतून बुडबुड आवाज येत होता, जसं खाली कोणीतरी दाबून धरलेलं असावं आणि ते बोलायचा प्रयत्न करत असावं. समिधाला तरी तसंच ऐकू आलं.

मनुबाईने बांधाच्या कडेला फळी टाकली. "आधी गुडघे टेक. मंग पोट. मंग गाल. घाबरायचं नाय." मग तिचं लक्ष समिधाच्या गळ्यातल्या बारीक सोनसाखळीकडे गेलं. ती आत गेली तर सापडायची नाही. ती काढायला मनुबाईने हात पुढे केला, आणि तो हात समिधाच्या मानेला लागला.

समिधा पळाली.

बांधावर आजी उभी, म्हणजे गावाकडची वाट बंद. ती आजीला वळसा घालून पळाली, गाळावरून तिरपी, निळ्या पत्र्यांच्या पलीकडच्या टोकाच्या दिशेने. पापुद्र्याने पाच-सात पावलं साथ दिली. आठव्या पावलाला गुडघा आत गेला. तिने दुसरा पाय टेकून पहिला ओढला, तर दुसरा मांडीपर्यंत गेला. चप्पल कुठेतरी खाली राहिली. तिने जोर लावला. गाळाने चपक असा आवाज केला आणि तिला आणखी चार बोटं खाली घेतलं.

तिने मागे वळून पाहिलं. मनुबाई बांधावर तशीच उभी होती. दोन्ही हात तोंडावर. हलत नव्हती. एकदा तिने मान वळवून गावाकडच्या वाटेकडे पाहिलं, मग पुन्हा समिधाकडे, मग पुन्हा वाटेकडे.

बघत उभी आहे, समिधाच्या मनात आलं. तेव्हाही अशीच बघत उभी राहिली असेल.

ते किती वेळ चाललं हे समिधाला पुढे कधी सांगता आलं नाही. गाळात कंबर बुडत असली की घड्याळ वेगळं चालतं. तिला एवढंच आठवतं की गाळावरच्या निवट्या, त्या डोळे वर काढून उड्या मारणाऱ्या छोट्या मासळ्या, सगळ्या एकदम काठाच्या बाजूला उड्या मारत निघाल्या. आणि मग दूरच्या चरांमध्ये पाणी चकाकलं. खाडी फिरली होती.

त्या चकाकीने मनुबाई हलली. तिने फळी उचलून गाळावर आपटली, गुडघा टाकला आणि आली. त्या वयाची बाई इतक्या वेगाने येते हे पाहूनच समिधाची बोबडी वळली. तिला वाटलं, काम पुरं करायला येतेय.

दोन हातांवर येऊन मनुबाई थांबली. छाती भात्यासारखी चालली होती.

"झोप," ती म्हणाली.

समिधाने नकारार्थी मान हलवली.

"बाय माझी, ऐक. उभी राहू नको. पुढे पड. चिखलात गाल टेक आन् झोप."

"नाय."

"पानी येतंय गो."

"माझ्या अंगाला हात नको लावू." समिधाचे दात वाजत होते, मे महिन्याच्या उन्हात. "तू गंगुआजीला पण हेच सांगितलंस. झोप म्हणालीस. मला सगळं माहितीय."

पाणी एकेका चरातून पुढे सरकत होतं, आवाज न करता.

मनुबाईला तिला धरता आलं असतं. त्या हातांत तेवढं बळ होतं. पण घाबरलेलं माणूस धरलं की ते झटापट करतं, आणि झटापट झाली की गाळ दोघांना घेतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे ज्या क्षणी ती नातीच्या मानेला हात घालेल त्या क्षणी नात जाणार. आणि नात आपण होऊन झोपली नाही, तरी नात जाणार. पोरीला वाचवणारी जी एकच गोष्ट होती, ती हुबेहूब तिला मारल्यासारखी दिसत होती. बाळकुमातल्या सगळ्या ओट्यांनी मिळून चाळीस वर्षं राबून ही करामत केली होती.

मनुबाईने गुडघ्याखालची फळी काढली. एवढी एकच वस्तू तिला वर धरून होती. ती तिने समिधाच्या पुढ्यात सरकवली आणि स्वतः गाळात पालथी पडली. पोट, छाती, गाल. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, तळवे वर. अर्ध्या चेहऱ्याला चिखल लागला. एक डोळा समिधाकडे.

"बघ. मी झोपली," ती म्हणाली. "जाते का खाली? बघ."

समिधा बघत राहिली. आजी जात नव्हती. एवढी मोठी बाई, गाळावर पानासारखी पडून होती.

"तू उठून माझ्या अंगावर पाय देऊन पळालीस तरी चालंल. मी हलनार नाय. फक्त आडवी हो."

"गंगुआजी?" समिधा म्हणाली. तिला पुढचं विचारता येईना.

"ती उभी व्हती," मनुबाई म्हणाली. "तू हाय ना आता, अशी. उभी व्हती ती."

तिचा आवाज कसा झाला होता! समिधाने मोठ्या माणसाचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. अभ्यास न केलेली मुलगी वर्गात बाई जवळ आल्यावर बोलते तसा. आजी घाबरली होती. आपल्यापेक्षा जास्त घाबरली होती. आणि घाबरलेलं माणूस आपल्याला कसं मारेल, असं काहीतरी त्या दहा वर्षांच्या डोक्यात आलं असावं. तिने डोळे मिटले आणि फळीवर अंग टाकलं.

चिखल थंड होता. तो कानापर्यंत आला आणि थांबला. कंबर सुटल्यासारखी झाली, पण पाय आतच.

"आता ओढू नको. पाय नुसता हलव. अंगठा हलव."

"निघत नाय."

"निघंल. पानी येऊ दे."

"पाणी नको."

"पानीच सोडवतं. पायाच्या बाजूने आत शिरतं, मंग गाळ ढिला होतो. तोवर पडून राहायचं. मी हाय इथे."

हे ऐकायला सोपं वाटतं. पालथं पडून, एक कान चिखलात, पाय कोणीतरी खाली धरलेले, आणि जी गोष्ट आपल्याला बुडवणार तिचीच वाट बघायची. पाणी आलं ते आधी बोटांना लागलं. कोमट. मग कोपराला. मग फ्रॉक फुगला. समिधा आजीच्या एका डोळ्याकडे बघत होती आणि आजी तिच्याकडे. दोघींपैकी कोणीही नजर काढली नाही. पाणी गालाला लागलं तेव्हा समिधाने हात लांब केला आणि आजीच्या पसरलेल्या तळव्यात ठेवला. आजीने बोटं लगेच मिटली नाहीत. विचारून विचारून, एकेक बोट, हळूहळू मिटलं.

डावा पाय आधी सुटला. उजव्याला वेळ लागला; तोवर तिला तोंड वर करून श्वास घ्यावा लागत होता. मग तोही सुटला, आणि दोघी निवट्यांसारख्या, पोटावर, कोपरांनी सरपटत बांधाकडे निघाल्या. मागून पाणी येतच होतं. बांधाच्या दगडाला हात लागल्यावर मनुबाईने आधी समिधाला वर ढकललं, मग स्वतः चढली, आणि तिवराच्या मुळांना धरून ओकली.

त्यानंतर त्या दोघी बराच वेळ बांधावर बसून होत्या. अंगावरचा चिखल सुकून तडकत होता. समोर मघाची जागा दिसेनाशी झाली होती. तिथे आता साधं, शहाण्यासारखं पाणी होतं. तेव्हा समिधाने विचारलं आणि मनुबाईने सांगितलं. बोलताना तिने नातीकडे एकदाही पाहिलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "तुझ्या बापाला ठाऊक नाय. त्याने कधी विचारलं नाय. विचारलं असतं तर मी खोटं नसती बोलली." मग थोड्या वेळाने, "रोज वाटायचं, आज विचारतो."

घरी परत येताना शांताबाई ओट्यावर होती. दोन चिखलाच्या बाहुल्या धड चालत येताना बघून तिची जरा निराशाच झाली असावी. "शिकली का गो पोरगी?" तिने विचारलं.

"शिकली," समिधा म्हणाली.

चार दिवसांनी समिधाचा धाकटा भाऊ हितेश जन्माला आला. समिधा ठाकुर्लीला परत गेली, पण त्यानंतर प्रत्येक मे महिन्यात ती बाळकुमाला यायची आणि फळी घेऊन आजीबरोबर खाडीवर जायची. भीती गेली का? छे. दरवेळी गाल चिखलाला टेकवताना तिच्या पोटात खड्डा पडायचा. मनुबाई म्हणायची, पडू दे, खड्डा पडतो तोच बरा. निळे पत्रे जाऊन तिथे सत्तावीस मजले उभे राहिले. वरच्या गॅलरीतून खाली चिखलात पालथ्या पडलेल्या दोन बायका बघून कोणी एकदा पोलिसांना फोनही केला होता. पोलीस आला, बांधावर उभा राहिला, बूट सांभाळत म्हणाला, "मावशी, हे काय चाललंय?" मनुबाईने त्यालाही झोपायला बोलावलं. तो नाही झोपला.

मनुबाई तीन वर्षांपूर्वी गेली, घरात, अंथरुणावर, सकाळी चहा मागून. तेराव्याला आळीतल्या पंधरा-वीस सुना आल्या होत्या, काही आता स्वतः सासवा झालेल्या. त्या सगळ्या रडल्या, आणि परत जाताना आळीच्या वळणावर त्यांतल्या निम्म्यांनी डावीकडे-उजवीकडे बघून तीच जुनी गोष्ट पुन्हा काढली. माणूस जातं, गोष्टीला कसलं मरण?

सहदेवने त्यांतलं थोडं ऐकलं. ठाकुर्लीला घरी आल्यावर तो हातपाय न धुता खुर्चीत बसून राहिला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण मुलीशी बोलताना नजर फरशीवर होती.

"समिधा, तू तिच्याबरोबर खाडीवर जायचीस," तो म्हणाला. "तुला कधी काही बोलली का? माझ्या... त्या आईबद्दल?"

"तुम्ही का नाही विचारलंत इतकी वर्षं?"

"हो म्हणाली असती तर मी कुठे गेलो असतो?"

जयाने गॅस बंद केला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. समिधाने बापाच्या समोर खुर्ची ओढली आणि बांधावर ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं.

गंगुबाई गाळात मांड्यांपर्यंत रुतली होती. तिला ओढायला मनुबाई चार पावलं गेली, तिचेही पाय रुतायला लागले, तशी ती घाबरून मागे फिरली. गंगुबाई हाका मारत होती. मनुबाई घरी पळाली, लुगडं धुतलं, आणि खाडी भरेपर्यंत तिने कोणाला काही सांगितलं नाही.